ब्राऊझरमधील ‘आपोआप उघडा’ या सोयीची चिकित्सा : विशेष संदर्भ यवतमाळ जिल्हा

सारांश

महाजालावरून डाऊनलोड केलेली फाईल वापरकर्त्याला पुन्हा न विचारता उघडण्याची सोय ब्राऊझरमध्ये गेली अनेक वर्षे उपलब्ध आहे. या सोयीमुळे वेळ वाचतो हे खरे असले, तरी फाईल उघडणे हा एक निर्णय असतो आणि तो निर्णय या सोयीमुळे यंत्राकडे जातो. प्रस्तुत लेखात २००१ ते २०११ या कालखंडातील प्रमुख घटनांच्या आधारे या सोयीमागील गृहीतकांची चिकित्सा केली आहे. एकच संगणक अनेकांनी वापरण्याची रीत असलेल्या यवतमाळसारख्या जिल्ह्यात ही गृहीतके का टिकत नाहीत आणि त्यांचा भार अखेर कोणावर पडतो, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : ब्राऊझर, डाऊनलोड, फाईलचा प्रकार, फाईलचा उगम, सामायिक संगणक, संगणक साक्षरता.

प्रस्तावना

पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड किंवा पांढरकवडा, जिल्ह्यातील कोणतेही तालुक्याचे ठिकाण घ्या. तहसील कार्यालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या आसपास झेरॉक्सचे दुकान, इंटरनेट कॅफे आणि आपले सरकार सेवा केंद्र ही त्रयी हमखास आढळते. महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीकविम्याची पावती ही सर्व कामे तेथील एक-दोन संगणकांवर होतात. ग्राहक कागद बरोबर आणत नाही. तो स्वतःच्या व्हॉट्सॲपवरून किंवा ई-मेलवरून फाईल पाठवितो. दुकानदार ती डाऊनलोड करतो, उघडतो, छापतो आणि पुढच्या ग्राहकाकडे वळतो. अशा गर्दीत ब्राऊझरने डाऊनलोड होताच फाईल आपोआप उघडून दिली, तर ती सोय वाटणे स्वाभाविक आहे.

आपल्या महाविद्यालयांतील कार्यालये आणि संगणक प्रयोगशाळाही याला अपवाद नाहीत. विद्यापीठाची परिपत्रके, परीक्षेचे तक्ते, मूल्यांकनासाठी मागविलेली माहिती हे सर्व पीडीएफ, वर्ड, एक्सेल किंवा झिप स्वरूपात येते. त्यामुळे या सोयीचा विचार संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांवर सोपवून इतरांना मोकळे होता येणार नाही. हा विषय तंत्राचा जितका आहे तितकाच भाषेचा, व्यवहाराचा आणि सामाजिक न्यायाचाही आहे.

‘उघडणे’ या शब्दातील दोन अर्थ

मराठीत आपण पत्र उघडतो आणि दारही उघडतो. पत्र उघडले की मजकूर आपल्यासमोर येतो आणि आपण तो वाचतो. दार उघडले की बाहेरचा माणूस आत येतो आणि पुढे काय करायचे ते तो ठरवितो. संगणकावर फाईल ‘उघडली’ असे आपण म्हणतो तेव्हा या दोहोंपैकी नेमके काय घडले, हे पडद्यावरील चिन्हावरून कळत नाही. साधा मजकूर उघडणे हे पत्र उघडण्यासारखे असते. एक्सई किंवा एपीके फाईल उघडणे म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या आज्ञा आपल्या यंत्राने पाळायला सुरुवात करणे. या दोन टोकांच्या मध्ये फार मोठा प्रदेश आहे. वर्डच्या फाईलमध्ये मॅक्रो असू शकतात, झिपच्या पोटात काहीही असू शकते, आणि पीडीएफ वाचणाऱ्या प्रणालीत दोष असेल तर पीडीएफही दाराचे काम करते.

अशा स्थितीत डाऊनलोड आणि उघडणे या दोन क्रियांमधील थांबा महत्त्वाचा ठरतो. फाईल नुसती संगणकावर येऊन पडली तर सहसा अपाय होत नाही. तिचे नाव पाहता येते, ती कोणी पाठविली हे आठवता येते, विषाणुरोधक प्रणालीला ती तपासता येते, नको असल्यास पुसून टाकता येते. आपोआप उघडण्याची सोय हा थांबाच काढून टाकते.

‘सुरक्षित’ या विशेषणाचा इतिहास

हा थांबा काढल्याचे परिणाम जगाने सर्वप्रथम मोठ्या प्रमाणावर पाहिले ते निम्डा या विषाणूच्या वेळी. १८ सप्टेंबर २००१ रोजी पसरलेल्या या विषाणूच्या ई-मेलला एक्सई फाईल जोडलेली असे. परंतु पत्राच्या शीर्षभागात ती ध्वनिफीत असल्याचे नमूद केलेले असे. इंटरनेट एक्सप्लोररच्या तत्कालीन आवृत्त्या या नोंदीवर विश्वास ठेवीत आणि ध्वनिफीत निरुपद्रवी समजून फाईल स्वतःच सुरू करीत. निम्डाने बाधित केलेल्या सर्व्हरवरील संकेतस्थळांच्या पानांतही अशीच तजवीज केलेली असे, त्यामुळे पान पाहणेही धोक्याचे ठरे. या दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने २९ मार्च २००१ रोजी, म्हणजे जवळजवळ सहा महिने आधीच प्रसिद्ध केली होती; असंख्य संगणकांपर्यंत ती पोहोचली नव्हती.

दुसरे उदाहरण ॲपलच्या सफारी ब्राऊझरचे आहे. डाऊनलोडनंतर ‘सुरक्षित’ फायली उघडा, अशा अर्थाचा एक पर्याय त्यात मुळातच निवडलेला असे. चित्रपट, चित्रे, ध्वनी, पीडीएफ, मजकूर आणि झिपसारखी संग्रहित पुडकी यांची गणना सुरक्षित प्रकारांत केलेली होती. फेब्रुवारी २००६ मध्ये जर्मनीतील मायकेल लेन यांनी या यादीतील फोलपणा दाखवून दिला. झिपमध्ये चित्रासारखी किंवा चित्रफितीसारखी दिसणारी एक फाईल ठेवली, पण ती उघडण्याचे काम टर्मिनल या आज्ञा पाळणाऱ्या प्रणालीकडे असल्याची नोंद तिच्यासोबत दिली, तर सफारी झिप सोडवून आतील आज्ञा थेट चालवीत असे. ॲपलने १ मार्च २००६ रोजी दुरुस्ती दिली. पर्याय मात्र कायम राहिला.

पाच वर्षांनी, मे २०११ मध्ये, मॅक डिफेंडर नावाच्या बनावट विषाणुरोधक प्रणालीने याच पर्यायाचा उपयोग करून घेतला. शोधयंत्रात चित्रे शोधणारा वापरकर्ता बनावट पानावर जाई, झिप आपोआप डाऊनलोड होई, आपोआप सुटे आणि स्थापनेची खिडकी पडद्यावर उभी राही. पासवर्ड वापरकर्ताच टाकीत असे. परंतु ही खिडकी संगणकानेच उघडली आहे, या समजुतीने. नंतरच्या अवतारात पासवर्डचीही गरज उरली नाही. ॲपलने ३१ मे २०११ रोजी यावर सुरक्षा दुरुस्ती प्रसिद्ध केली.

या दोन घटनांच्या मधली २००८ ची घटना उत्पादकांच्या भूमिकेवर प्रकाश टाकते. नितेश धनजानी या सुरक्षा अभ्यासकाने असे दाखविले की, एखादे पान सफारीकरवी वापरकर्त्याच्या संगणकावर न विचारता कितीही फायली उतरवू शकते. ॲपलने आरंभी याकडे सुरक्षेचा प्रश्न म्हणून पाहिले नाही. परवानगी विचारणे ही एक संभाव्य सुधारणा मानली. पुढे विंडोजवरील इंटरनेट एक्सप्लोररचा दुसरा एक दोष आणि सफारीचे हे वर्तन एकत्र आले तर डेस्कटॉपवर पडलेली फाईल चालविली जाऊ शकते, हे उघड झाले. मायक्रोसॉफ्टने ३० मे २००८ रोजी इशारा दिला आणि जूनमध्ये ॲपलने आपले वर्तन बदलले. एकेकटी निरुपद्रवी वाटणारी दोन वर्तने एकत्र आली की धोका निर्माण होतो, हा या घटनेचा धडा होय.

या तिन्ही घटनांत ‘सुरक्षित’ हे विशेषण फाईलच्या प्रकाराला लावले गेले होते. प्रत्यक्षात सुरक्षितता हा प्रकाराचा गुणच नाही. ती फाईल कोठून आली, तिच्या पोटात काय आहे आणि ती वाचणारी प्रणाली किती निर्दोष आहे, या तीन बाबींवर ती अवलंबून असते.

गृहीतकांची चिकित्सा

पहिले गृहीतक असे की, एखाद्या प्रकारच्या फाईलवर एकदा विश्वास ठेवला की तो सर्वत्र ठेवता येतो. क्रोममध्ये ‘या प्रकारच्या फायली नेहमी उघडा’ असे एकदा निवडले की तो नियम कोणत्याही संकेतस्थळावरून आलेल्या त्या प्रकारच्या फाईलला लागू होतो. फायरफॉक्समधील नियमही प्रकारनिहायच आहेत. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील फाईल पाहताना घेतलेला निर्णय एखाद्या अनोळखी पानावरील फाईललाही लागू पडतो, याची जाणीव निर्णय घेताना कोणालाही करून दिली जात नाही. येथे एक बाब लक्षणीय आहे. क्रोममध्ये मोठ्या संस्थांच्या संगणक व्यवस्थापकांसाठी असे धोरण उपलब्ध आहे की, त्यांनी ठरविलेल्या प्रकारांच्या फायली विशिष्ट संकेतस्थळांवरूनच आपोआप उघडाव्यात. म्हणजे उगमानुसार विश्वास ठेवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. परंतु सामान्य वापरकर्त्याने स्वतः केलेल्या निवडीला हे धोरण लागू होत नाही. शहाणपणाची सोय व्यवस्थापकाला आणि सरसकट विश्वासाची सोय सामान्य माणसाला, अशी ही विभागणी आहे.

उगमाचा विचार करणारे उपाय अधिक उपयुक्त ठरल्याचे अन्यत्रही दिसते. ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून महाजालावरून आलेल्या फाईलवर तशी खूण ठेवली जाऊ लागली. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने याच खुणेच्या आधारे बाहेरून आलेल्या ऑफिस फायलींतील मॅक्रो मुळातच रोखण्यास सुरुवात केली. त्यानंतर हल्लेखोर आयएसओसारख्या पुडक्यांकडे वळले, कारण त्या पुडक्यातून बाहेर काढलेल्या फाईलवर ही खूण तेव्हा उतरत नसे. चोराला वाट बदलावी लागली, यातच त्या उपायाचे बळ दिसून येते.

दुसरे गृहीतक असे की, एका संगणकाचा एकच मालक असतो आणि निवड करणारा व तिचे फळ भोगणारा माणूस एकच असतो. आपल्या जिल्ह्यात हे गृहीतक सर्वांत दुबळे आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सकाळच्या तुकडीतील विद्यार्थ्याने केलेली निवड दुपारच्या तुकडीला लागू होते. सेवा केंद्रावर सोमवारी एका ग्राहकाची फाईल लवकर छापण्यासाठी केलेली निवड महिनाभर येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाच्या फाईलला लागू होते. त्या संगणकावर आधार कार्ड, बँक पासबुक, जातीचा दाखला यांच्या प्रती डाऊनलोडच्या फोल्डरमध्ये साठत जातात. एका बाधित फाईलमुळे जे उघडे पडते ते दुकानदाराचे नसून गावोगावच्या लोकांचे असते. आणि त्या लोकांना अशी काही निवड अस्तित्वात आहे याचा पत्ताही नसतो.

तिसरे गृहीतक भाषेचे आहे. सूचना दिली म्हणजे ती समजली, असे धरले जाते. प्रमुख ब्राऊझर मराठीत उपलब्ध असूनही बहुतेक कार्यालयांत आणि प्रयोगशाळांत ते इंग्रजीतच वापरले जातात. इशाऱ्याचे वाक्य न वाचता ‘ओके’ दाबणे ही सवय त्यातून रुजते. युनिकोडपूर्व काळात या सवयीला आणखी एक कारण होते. अनेक मराठी संकेतस्थळे वाचण्यासाठी आधी फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. तो घेतला नाही तर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसत. मातृभाषा वाचायची असेल तर पडद्यावर जे विचारले जाईल त्याला ‘हो’ म्हणा, असे शिक्षण मराठी वाचकाच्या एका पिढीला नकळत मिळाले. फॉन्टची फाईल तरी निरुपद्रवी, असे म्हणावे तर २०११ मध्ये उघडकीस आलेल्या डुकू या विषाणूने विंडोजमधील ट्रू टाईप फॉन्ट हाताळणाऱ्या भागाच्या दोषातूनच प्रवेश मिळविला होता.

संगणकाकडून मोबाइलकडे

अलीकडच्या काळात हा प्रश्न मोबाइलवर आला आहे. अँड्रॉइडमध्ये एपीके फाईल आपोआप स्थापित होत नाही. २०१७ मधील आठव्या आवृत्तीपासून ज्या ॲपमधून ती उघडली जाते त्या ॲपला स्वतंत्र परवानगी द्यावी लागते. म्हणजे यंत्राने येथे थांबा राखला आहे. परंतु आलेली फाईल लगेच उघडण्याची माणसाची सवय तशीच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये यवतमाळला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यातील एका शासकीय कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचे निमंत्रण आले. सोबतची फाईल पत्रिकेच्या पीडीएफसारखी दिसत होती. प्रत्यक्षात ती एपीके होती. ती उघडल्यानंतर त्यांच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. आपल्याकडे लग्नाची पत्रिका न उघडता बाजूला ठेवणे हा माणसांचा अवमान समजला जातो. फसविणाऱ्याने नेमक्या याच सौजन्याचा आधार घेतला.

शेतकऱ्यांच्या बाबतीत हाच प्रकार पीएम किसान योजनेच्या नावाने झाला. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी या योजनेचा सोळावा हप्ता यवतमाळ येथील कार्यक्रमातून वितरित झाला, हे वाचकांना स्मरत असेल. या योजनेच्या नावाच्या बनावट एपीके फायली व्हॉट्सॲपवरून देशभर फिरल्या आणि त्यांतून संदेश वाचण्याची परवानगी मिळवून ओटीपी चोरले गेले. वर्षाला ६,००० रुपये ज्या खात्यात येतात तेच खाते त्या ६,००० रुपयांच्या आशेने रिकामे व्हावे, ही या काळाची शोकांतिका म्हणावी लागेल. २०२५ च्या खरेदी हंगामासाठी भारतीय कापूस महामंडळाने ‘कपास किसान’ या ॲपवर नोंदणीची पद्धत आणली. कापूस उत्पादक जिल्ह्यात खरे ॲप आणि त्याची नक्कल यांतील भेद ओळखणे हा त्यामुळे थेट उपजीविकेचा प्रश्न झाला आहे. अधिकृत ॲप प्ले स्टोअरवरून घ्यावे, व्हॉट्सॲपवर आलेल्या फाईलमधून घेऊ नये, एवढा साधा नियमही पुन्हा उगमाचाच आहे.

नुकसान कोणाचे ठरते याचाही विचार करावा लागतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाच्या दायित्वाचे तत्त्व घालून दिले. बँकेचा किंवा ग्राहकाचा दोष नसेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळविले, तर त्याचे दायित्व शून्य. ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल, तर कळवीपर्यंतचे सर्व नुकसान त्याचे. मग इंग्रजी इशाऱ्यावर बोट ठेवणारा, पीडीएफचे चिन्ह पाहून फसलेला माणूस निष्काळजी म्हणावा काय? चिन्ह खोटे बोलू शकते अशी प्रणाली ज्यांनी घडविली, त्यांचा निष्काळजीपणा कोणत्या परिपत्रकात मोजला जातो?

प्रतिवादाचा विचार

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ब्राऊझर आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. हा आक्षेप बऱ्याच अंशी ग्राह्य आहे. क्रोम एक्सईसारख्या धोकादायक प्रकारांना आपोआप उघडण्याची मुभा देत नाही, पीडीएफ बंदिस्त कक्षात दाखविली जाते, आणि अडोबी रीडरनेही नोव्हेंबर २०१० मधील दहाव्या आवृत्तीपासून असा कक्ष आणला. तथापि बंदिस्त कक्षालाही भेगा असतात. ऑगस्ट २०१५ मध्ये फायरफॉक्सच्या अंगभूत पीडीएफ वाचकातील दोषाचा उपयोग करून वापरकर्त्यांच्या संगणकांवरील फायली चोरण्याचा प्रकार उघड झाला होता. शिवाय ज्या संगणकांवर जुनी विंडोज आणि जुने ब्राऊझर अद्याप चालू आहेत, तेथे नव्या आवृत्तीतील सुधारणा पोहोचतच नाही.

दुसरा आक्षेप असा की, प्रत्येक वेळी विचारले तर लोक कंटाळून न वाचताच ‘हो’ म्हणतील. हेही खरे आहे. परंतु त्यावरचा उपाय म्हणजे विचारणेच बंद करणे नव्हे. कमी वेळा, समजेल अशा भाषेत आणि योग्य तो प्रश्न विचारणे हा उपाय होय. ‘ही फाईल उघडायची काय?’ यापेक्षा ‘ही फाईल अमुक संकेतस्थळावरून आली आहे; आपण ती मागविली होती काय?’ हा प्रश्न दारव्ह्याच्या सेवा केंद्रचालकाला अधिक उपयोगी पडेल.

महाविद्यालयांनी काय करावे

महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ साली झाली आणि एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने राज्यात संगणक साक्षरता घरोघरी नेली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु साक्षरतेचा आपला एकूण आग्रह फाईल उघडता येण्यावर राहिला; केव्हा उघडू नये हा धडा मागे पडला. ती उणीव महाविद्यालयांना आपल्या पातळीवर भरून काढता येईल. त्यासाठी पुढील उपाय सुचवावेसे वाटतात.

१. प्रयोगशाळेतील व कार्यालयातील प्रत्येक ब्राऊझरमध्ये आपोआप उघडण्याची निवड रद्द करावी. क्रोममध्ये डाऊनलोडच्या सेटिंगमध्ये ती एकाच वेळी पुसता येते. फायरफॉक्समध्ये प्रत्येक प्रकारासाठी ‘नेहमी विचारा’ हा पर्याय ठेवावा. सफारीत ‘सुरक्षित’ फायलींसमोरील खूण काढावी.

२. विंडोज आजही फाईलच्या नावातील शेवटची प्रकारदर्शक अक्षरे मुळातच लपविते. ४ मे २००० रोजी पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ या विषाणूने याच लपविण्याचा लाभ घेऊन स्वतःला मजकुराची फाईल म्हणून मिरविले होते. ही अक्षरे दिसतील अशी व्यवस्था प्रत्येक संगणकावर करावी.

३. सामायिक संगणकावर विद्यार्थ्यांना अतिथी स्वरूपात प्रवेश द्यावा, म्हणजे एकाची निवड दुसऱ्याला लागू होणार नाही. मात्र अतिथी म्हणून डाऊनलोड केलेल्या फायली संगणकावर राहतात. म्हणून डाऊनलोडचे फोल्डर रोज रिकामे करण्याची जबाबदारी एका कर्मचाऱ्याकडे द्यावी.

४. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत ग्रामस्वच्छतेच्या जोडीने ‘ही फाईल कोठून आली?’ हा एकच प्रश्न विचारण्याची सवय लावणारा उपक्रम घ्यावा. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे, ही माहितीही त्यातच द्यावी.

समारोप

फाईल आपोआप उघडण्याची सोय ज्यांनी निर्माण केली, त्यांच्यासमोर स्वतःचा संगणक, स्वतःची भाषा आणि स्वतःचा वेळ असलेला वापरकर्ता होता. यवतमाळ जिल्ह्यातील वापरकर्ता बहुधा दुसऱ्याच्या संगणकासमोर, दुसऱ्याच्या भाषेत आणि रांगेत उभा असतो. फाईलच्या प्रकारावर ठेवलेला विश्वास पहिल्या वापरकर्त्याला क्वचित महाग पडतो, दुसऱ्याला मात्र तो हंगामाची कमाई घेऊन जाऊ शकतो. म्हणून विश्वास प्रकारावर न ठेवता उगमावर ठेवणे आणि डाऊनलोड व उघडणे यांतील थांबा पूर्ववत करणे, ही तांत्रिक बारकाव्याची बाब न मानता संस्थेच्या जबाबदारीची बाब मानली पाहिजे. ब्राऊझर बनविणारे आपल्या हाती नाहीत. परंतु आपल्या प्रयोगशाळेतील तीस संगणकांची सेटिंग मात्र आपल्याच हाती आहे.